नाला वळवा, पाणी मिळवा!

*लोणावळ्याच्या डोंगरापासून सिंगापूरच्या बिअरपर्यंत: सांडपाण्याच्या दुसऱ्या जन्माच्या चटकदार गोष्टी*

‘शी! नाल्याचं पाणी परत वापरायचं?’ सांडपाण्याच्या पुनर्वापराचा विषय निघाला की पहिली प्रतिक्रिया हीच. पण मंडळी, ते आपण रोजच वापरतो. वरच्या गावाचं सांडपाणी नदीत आणि नदीचं पाणी खालच्या गावाच्या नळात, हा कारभार पिढ्यानपिढ्या चालू आहे. प्रश्न फक्त एवढाच, की मधे कुणी ते धुऊन घ्यायचं की नाही. नाला नदीला भिडण्याआधी अडवा, प्रक्रिया केंद्राकडं वळवा आणि निवळलेलं पाणी कामाला जुंपा, इतकी ही साधी कल्पना. तिचे हे निवडक मासले.

एक पाऊस, दोन समुद्र

लोणावळ्यात वर्षाला साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात जेमतेम सातशे. लोणावळा, वळवण आणि शिरोता या टाटांच्या तलावांत साठलेलं पाणी नळांतून पाचशे मीटरहून अधिक खाली उतरतं, खोपोलीला वीज करतं, पाताळगंगेत पडतं आणि अरबी समुद्राला मिळतं. तिथंच थोडं पलीकडं इंद्रायणीत पडलेलं पाणी तुळापूरला भीमेत, पुढं कृष्णेत आणि थेट बंगालच्या उपसागरात. पाणी वळवायची विद्या लोणावळ्याभोवतीच्या मावळाला बाहेरून शिकवायला नको. पूर्वेला निघालेल्या पाण्याला इथं १९१५ सालीच पश्चिमेचा रस्ता दाखवला गेला!

इंद्रायणीही वारीला जाते

कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेत मिसळते. भीमा पुढं उजनी धरणात थांबते आणि उजनीच्या खाली पंढरपूर. आषाढीला चंद्रभागेत पाणी सोडतात ते उजनीतूनच. थोडक्यात, माउलींची पालखी रस्त्यानं निघते आणि आळंदीचं पाणी नदीनं. लोणावळ्यात भांडी घासलेलं पाणी कुठवर प्रवास करतं, याचा हिशेब ज्यानं त्यानं करावा.

टाटा, मँचेस्टर आणि एक योगायोग

खोपोलीचं वीजघर सुरू झालं १९१५ मध्ये. त्याच्या वर्षभर आधी, १९१४ मध्ये, मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाणी शुद्ध करण्याची ‘सक्रिय गाळ’ पद्धत जगापुढं मांडली. आजही जगभरातली बहुतेक मोठी केंद्रं याच पद्धतीवर किंवा तिच्या भावंडांवर चालतात. या दोघांना ही दिशा सुचवणारे गुरू होते गिल्बर्ट फाउलर. आणि १९१६ मध्ये हे फाउलर प्राध्यापक म्हणून कुठं आले? बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये. घाटातल्या विजेचं आणि या संस्थेचं, दोन्ही स्वप्नं एकाच माणसाची: जमशेटजी टाटा. वीज आणि मैलापाणी अशी एकाच घराण्याच्या अंगणात येऊन भेटली.

रोज सहाशे टँकर!

शहरी पाणीपुरवठ्याचं सरकारी माप माणशी दिवसाला १३५ लिटर. त्यातलं सुमारे ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं अभियंते धरून चालतात. म्हणजे माणशी १०८ लिटर. लोणावळ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साधारण ५७ हजार. करा गुणाकार: रोज सुमारे ६२ लाख लिटर. दहा हजार लिटरचा एक टँकर धरला तर सहाशेहून जास्त टँकर! तळेगाव दाभाडे जवळपास तेवढंच मोठं, तेव्हा त्याचेही तितकेच टँकर धरा. आणि हा हिशेब फक्त गावकऱ्यांचा. शनिवार-रविवारी भुशी धरणावर भिजून, चिक्की घेऊन, हॉटेलात गरम पाण्यानं अंघोळ करणारी पाहुणेमंडळी यात धरलेलीच नाहीत.

९९.९ टक्के शुद्ध... पाणीच!

घरगुती सांडपाण्यात पाणी किती? सुमारे ९९.९ टक्के. सगळा दर्प, सगळा रंग, सगळी बदनामी उरलेल्या ०.१ टक्क्याची. त्या एका हजारांश भागापायी आपण सगळंच पाणी फेकून देतो आणि मग नव्या धरणासाठी भांडतो.

नाला वळवतात तरी कसा?

वाटतं त्यापेक्षा सोपं काम आहे. नदीच्या अलीकडं नाल्यात एक बुटका बंधारा घालतात. पाणी जरा तुंबलं की बाजूच्या तोंडातून चेंबरमध्ये शिरतं. तिथल्या जाळीत प्लास्टिकच्या पिशव्या, चपला, नारळ, निर्माल्य अडकतं. पुढच्या हौदात वाळू-रेती खाली बसते. मग विहिरीसारख्या खोल टाकीतून पंप ते पाणी उचलतात आणि नळानं प्रक्रिया केंद्राकडं रवाना करतात. महापालिकेच्या भाषेत याला ‘नाला टॅपिंग’ म्हणतात.

ही युक्ती डोंगराळ गावाला विशेष सोयीची. सह्याद्रीच्या काळ्या कातळात गल्लोगल्ली खोल ड्रेनेज खोदणं म्हणजे वेळ आणि पैसा, दोन्हींचा चुराडा. सांडपाणी तर उतारानं आपसूकच नाल्यात येतं. मग गावभर खोदत बसण्यापेक्षा नाल्याचं तोंड धरलेलं काय वाईट?

बंधारा बुटका का? कारण पाऊस उंच!

जून ते सप्टेंबर लोणावळ्याचा नाला हा खराखुरा ओढा असतो. दिवाळी सरली की त्यात उरतं ते प्रामुख्यानं मोऱ्यांचं पाणी. म्हणून ही सगळी यंत्रणा ‘कोरड्या दिवसांतल्या प्रवाहा’च्या मापानं बांधतात. मुसळधार पावसात पाणी बंधाऱ्यावरून उडी मारून सरळ नदीत जातं आणि जाऊ द्यावंच लागतं. सगळा पूर केंद्रात घ्यायचा म्हटलं तर केंद्रच वाहून जाईल. खरी गरजही उन्हाळ्यातच असते. तेव्हा नदीत ताजं पाणी कमी आणि मोरीचं तेवढंच.

यातली मेख: वीज गेली, पंप बसला, जाळी तुंबली की तेच पाणी पुन्हा नदीत. म्हणून नाला वळवणं हा पहिला उपचार. घरोघरच्या ड्रेनेज जोडण्या हा कायमचा.

केंद्रात काम करतं कोण? जिवाणू!

मैलाशुद्धीकरण केंद्रात रसायनांचे पिंप ओतत असतील, असा अनेकांचा समज. प्रत्यक्षात खरी मेहनत जिवाणूंची. टाकीत हवा सोडायची, जिवाणू घाण खाऊन वाढतात, त्यांचे गठ्ठे होऊन तळाशी बसतात आणि वरचं नितळ पाणी काढून घेतात. तळाचा थोडा गाळ पुढच्या खेपेसाठी राखून ठेवायचा, अगदी दह्याच्या विरजणासारखा. विरजण बिघडलं तर केंद्र बिघडतं. म्हणूनच एखाद्या कारखान्यानं गुपचूप आम्ल किंवा रसायन नाल्यात सोडलं की केंद्रचालकाची झोप उडते. जिवाणू मेले की नवी फौज उभी करायला दिवसचे दिवस जातात.

आळंदीचा पांढरा फेस

कार्तिकीच्या सुमारास आळंदीच्या बंधाऱ्याखाली फेसाचे डोंगर दिसले की फोटो सगळीकडं फिरतात. त्यामागचं शास्त्र बाथरूममधलंच आहे. साबण-डिटर्जंटमधले फेसकारी घटक, सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ आणि बंधाऱ्यावरून पडताना मिसळणारी हवा. पाण्यात दोष नसता तर बंधाऱ्याखाली फक्त तुषार उडाले असते.

त्याच सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी माजते. मूळची दक्षिण अमेरिकेची ही पाहुणी पोषक पाणी मिळालं तर दोनेक आठवड्यांत दुप्पट पसरते. नदीवर हिरवा गालिचा दिसला की समजावं, वर कुठंतरी नाला सुटलाय.

पिंपरी-चिंचवडच्या पेल्यात मावळ

पवना धरणातून सोडलेलं पाणी नदीतूनच वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून उचलून निगडीच्या केंद्रात शुद्ध होतं. आंद्रा धरणाचं पाणीही इंद्रायणीतून येतं, निघोजेच्या बंधाऱ्यातून उचलतात आणि चिखलीला शुद्ध करतात. म्हणजे दोन्ही वाटांनी मावळातल्या गावांना वळसा घालून आलेलं पाणी शहराच्या पेल्यात पोचतं. वरच्या गावानं नाला अडवला, तर खालच्या शहराचं शुद्धीकरण तेवढं हलकं. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

पाण्यापायी सांडलेलं रक्त

चटपटीत सदरातही हा मुद्दा गंभीरपणेच सांगायला हवा. पवना धरणातून बंद नळानं पिंपरी-चिंचवडला पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळचे शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. शहराची तहान गावाच्या धरणावर येऊन टेकते, तेव्हा काय होतं ते मावळानं पाहिलं आहे. बागेला, बांधकामाला, कारखान्याला शहरानं आपलंच शुद्ध केलेलं सांडपाणी वापरलं, तर धरणावरचा डोळा तेवढा कमी होतो.

मुंढव्याचा उलटा व्यवहार

पुण्यानं एक सौदा केला आहे. धरणातून शहराला पाणी द्यायचं आणि त्या बदल्यात शहरानं शेतीला प्रक्रिया केलेलं पाणी परत करायचं. त्यासाठी मुंढव्याला जॅकवेल बांधली. तिथून उचललेलं पाणी जुन्या ‘बेबी’ कालव्यात पडतं आणि हवेली-दौंडच्या शिवाराकडं निघतं. ठरलेला आकडा वर्षाला साडेसहा टीएमसी. हा आकडा केवढा? पवना धरणाचा उपयुक्त साठा साधारण साडेआठ टीएमसी. म्हणजे पाऊण पवना धरण, आणि तेही एका शहराच्या मोऱ्यांमधून! अट अर्थातच एकच: प्रक्रिया कागदावर नको, पाण्यावर हवी. मुळा-मुठेसाठी जपानी अर्थसाहाय्याच्या योजनेत ३९६ एमएलडी क्षमतेची ११ केंद्रं मंजूर झाली ती याचसाठी.

(एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. पुढच्या वेळी धरणाची बातमी वाचताना भाव खा!)

नागपूरची वीज, नागपूरचाच मैला

नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात शुद्ध झालेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं. शीतकरण मनोऱ्यांना पिण्याचं पाणी कशाला लागतं? २०१६ च्या राष्ट्रीय वीजदर धोरणानं तर नियमच केला: सांडपाणी प्रक्रिया केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतल्या औष्णिक केंद्रांनी तेच पाणी घ्यावं. मुंबईत चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सनं हा धडा त्याच्या किती तरी आधी गिरवला. २००० सालापासून महापालिकेचं सांडपाणी शुद्ध करून ते खतांच्या कारखान्यात वापरतात, दिवसाला दोन कोटी लिटरहून अधिक क्षमतेनं.

पोवाडे आणि मैलापाणी यांचा काय संबंध?

आहे! मुंबईचे पालिका आयुक्त एच. ए. ॲकवर्थ यांनी १८९० मध्ये माटुंग्याला कुष्ठरुग्णांसाठी आश्रम उभारला. तिथं मैलापाण्यावर शेती पिकवली गेली. १८९७ च्या सुमारास मैलापाण्याच्या टाकीतल्या वायूवर दिवे लागले आणि पुढं त्यावर इंजिनही चाललं. जगातल्या अगदी सुरुवातीच्या गोबरगॅससदृश प्रयोगांत माटुंग्याचं नाव घेतलं जातं. आणि हेच ॲकवर्थसाहेब मराठी पोवाड्यांचे नामांकित संग्राहक! शंकर तुकाराम शाळिग्रामांच्या साथीनं त्यांनी काढलेला पोवाड्यांचा संग्रह अभ्यासकांना आजही लागतो.

नाल्यात क्रिकेट, नाल्यावर सेल्फी

होळकरांच्या इंदूरनं नाल्यांत उघडणारी पाच हजारांहून जास्त घरगुती तोंडं बंद करून ती ड्रेनेजला जोडली. नाले कोरडे पडले, तेव्हा त्यांच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळली. २०२१ मध्ये देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’, म्हणजे शुद्ध न केलेलं सांडपाणी बाहेर न सोडणारं, शहर होण्याचा मान इंदूरला मिळाला. कानपूरचा सीसामऊ नाला शतकाहून अधिक काळ गंगेत रोज कोट्यवधी लिटर मैला ओतत होता. २०१८ मध्ये तो वळवला आणि त्याच्या कोरड्या मुखाशी ‘सेल्फी पॉइंट’ उभा राहिला. भुशीच्या पायऱ्यांवर सेल्फीसाठी रेटारेटी करणाऱ्यांनो, ही जागाही यादीत टाका.

खासदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, तेव्हा...

१८५८ चा लंडनचा उन्हाळा. थेम्स नदी इतकी कुजली, की संसदेचे पडदे चुन्याच्या क्लोराइडमध्ये भिजवावे लागले. काही दिवसांत पैसे मंजूर! जोसेफ बॅझलजेट या अभियंत्यानं नदीकाठानं मोठमोठ्या वाहिन्या टाकल्या आणि नाले नदीला मिळण्याआधीच अडवून शहराच्या पूर्वेला वळवले. निष्कर्ष: प्रक्रिया केंद्र मंजूर व्हायचं असेल तर सभागृह नाल्याशेजारी बांधावं.

कर्दळ लावा, पाणी गाळा

पंप नको, वीज नको, असाही मार्ग आहे. नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धत खडी-वाळूच्या वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस, बोरू अशा वनस्पती लावते. मुळांशी वस्ती केलेले जिवाणू पाणी साफ करतात. मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरात हा प्रयोग झाला. पुण्याच्या सृष्टी इको-रिसर्च इन्स्टिट्यूटनं उदयपूरच्या आहड नदीत ‘ग्रीन ब्रिज’ उभारला. दगड, काथ्या आणि वनस्पती यांचा आडवा गाळणीबांध, थेट प्रवाहातच. मावळातल्या रिसॉर्ट, फार्महाउसांना असे वाफे फिट बसतील. फुललेली कर्दळ पाहुण्यांना दाखवा, ती काय करते ते नंतर सांगा.

छोट्या गावांसाठी आणखी स्वस्त तोड म्हणजे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावानं घरोघरी असे खड्डे घेतले, गटारं हटवली आणि गाव डासमुक्त झाल्याची कीर्ती राज्यभर पसरली.

बिअरसुद्धा!

नामिबियाची राजधानी विंडहोक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून ते पुन्हा पिण्याच्या पाण्यात मिसळते. वाळवंटाला नखरे परवडत नाहीत. सिंगापूरनं २००२ च्या राष्ट्रीय दिनाच्या सोहळ्यात हजारो नागरिकांच्या हाती ‘न्यूवॉटर’च्या बाटल्या दिल्या आणि पंतप्रधानांसह सगळ्यांनी त्या उंचावल्या. पुढं त्याच पाण्याची बिअरही बाजारात आली. अंतराळ स्थानकात तर अंतराळवीरांच्या लघवीचंच पाणी होतं आणि तेच ते पितात. मावळाला एवढं धाडस करायची गरज नाही. इथं फ्लश, बाग, बांधकाम आणि रस्त्यावरची धूळ एवढं जमलं तरी भागलं.

गुलाब हो, कोथिंबीर नको

कुठलं पाणी कशाला, हे ठरलेलं बरं. मावळातले हरितगृहांतले गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातात. न खाल्ल्या जाणाऱ्या अशा पिकांना नीट प्रक्रिया केलेलं पाणी चालू शकतं, क्षार तपासून. कच्च्या खायच्या कोथिंबीर-मुळ्यापासून ते लांबच ठेवावं. आणि ज्या भाताच्या वासावर पुणेकर फिदा असतात, तो ‘इंद्रायणी’ही इथलाच. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रानं आंबेमोहोर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून तो घडवला. नदीच्या नावाचा तांदूळ सुगंधी निघाला. आता नदीनंही तांदळाची बरोबरी करावी!

दान टाक्याचं

भाज्याच्या लेण्यांत पाण्याचं एक टाकं आहे. ते विण्हुदत नावाच्या महारठीनं दान दिल्याचं त्यावरच्या ब्राह्मी लेखात कोरलेलं आहे. लोहगडावर नाना फडणविसांनी सोळा कोनी तलाव बांधला. पाणी पुरवणाऱ्याचं नाव दगडावर राहतं, पाणी साफ करणाऱ्याचं फळ्यावरही येत नाही. नगरपरिषदांनो, आपल्या केंद्रातल्या ऑपरेटरचं नाव निदान फाटकावर तरी लावा.

जाता जाता: पाहुण्यांसाठी पाच कामं

* स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत लोणावळ्यानं २०२१ मध्ये देशात दुसरा आणि २०२३ मध्ये तिसरा क्रमांक मिळवला. सकाळी झाडलेला रस्ता दिसतो. मान खाली घालून पुलाखालचा नालाही पाहा.
* ओल्या चड्ड्या धुताना हॉटेलात साबण जपून. फेस पुढं आळंदीला निघतो.
* वेफरचं पाकीट नाल्यात टाकू नका. जाळी तुंबली की पंप बसतो आणि पंप बसला की नदी.
* बंगला बांधत असाल तर फ्लश आणि बागेसाठी वेगळा पाइप आत्ताच टाका. अनेक देशांत पुनर्वापराच्या पाण्याचा पाइप जांभळा असतो, म्हणजे प्लंबरची गफलत होत नाही.
* खोली घेताना आपण वाय-फायचा पासवर्ड आणि गरम पाण्याची वेळ विचारतो. त्याच दमात तिसरा प्रश्न टाका: ‘तुमचं सांडपाणी जातं कुठं?’ दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की मालक उत्तर शोधेल, शंभरांनी विचारलं की केंद्र बांधेल.